चौथ्या भागातला द्वारपाल

४ जून

चि. धाकट्यास,

अकरा वर्षांनी लिहितोय. सुरुवात काय करावी हे दोन दिवस सुचलं नाही, तेव्हा ती सोडून सरळ कामाचं लिहितो.

'उलटा किल्ला'चे अकराही भाग मी कपाटातून खाली काढलेत. दोरे कुजले आहेत, तिसऱ्याचा कणा सुटलाय, सातव्याचा पुठ्ठा वाकलाय. पुन्हा शिवायला घेतले आहेत. ही मी आयुष्यात बांधलेली पहिली अकरा पुस्तकं. छापखान्याच्या गोदामात नळ फुटला, भिजलेले सुटे फर्मे, म्हणजे पानांच्या न शिवलेल्या घड्या, रद्दीत निघाले आणि मी ते पोत्यात भरून घरी आणले, हे तुला आठवत असेल. तू नऊ वर्षांचा होतास आणि पोत्याचं एक टोक धरून जिना चढला होतास. पानांची तळाची बाजू कुजली होती, ती मी दोन बोटं कापून टाकली. त्यात छापलेले पृष्ठांक गेले. आता आहेत ते माझे, पेन्सिलीने घातलेले.

शिवण्याआधी प्रत्येक भाग पहिल्या ओळीपासून वाचायचा असं ठरवलंय. कारण आपला एक वाद अर्धा राहिला आहे. ही मालिका नेमकी कुठून चांगली होते? मी म्हणायचो, तिसऱ्याच्या मध्यापासून, अजगराची परीक्षा आहे तिथून. तुझं मत काय होतं ते मला नक्की आठवत नाही. कळवावंस.

पहिला भाग वाचून झाला. वाईट आहे. लेखकाला प्रत्येक ओळीत विनोद हवाय. पाहुणा दारात असतानाच त्याला घरातले सगळे फोटो दाखवणाऱ्या माणसासारखा वागतो. शिवाय चुका. जादूगाराचा मंत्र चुकून किल्ला उलटा होतो आणि ढगाला लटकतो, हे मान्य. पण मग जिने चढायचे की उतरायचे? पान ४० वर राजा उतरतो, पान ६३ वर तोच जिना चढतो. विहिरीतलं पाणी शंभर पानं सांडत नाही आणि पान ११२ वर एकाएकी सांडतं. यादी केली आहे. सतरा चुका.

तुझा पत्ता तुझ्या वहिनीच्या शिवणाच्या मापांच्या वहीत मिळाला.

दादा


२९ जून

दादा,

पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं कुणीतरी नोटीस धाडली. मग ओळखलं. 'द'च्या शेपटीला अजून पट्टी लावतोस वाटतं.

मी कुठे असतो ते तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. इथल्या मोठ्या बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंची खोली आहे, ती माझ्या ताब्यात. आज घडीला त्रेचाळीस छत्र्या, एक डावा बूट, दोन कवळ्या, आणि एक भिंतीवरचं घड्याळ आहे. घड्याळ बसमध्ये विसरून माणूस कसा उतरतो कोण जाणे. वस्तू न्यायला येणाऱ्याला मी तीन प्रश्न विचारतो. काय हरवलं, कुठे हरवलं, आणि इतके दिवस कुठे होतात. तिसरा नियमात नाही. तो किल्ल्यातल्या द्वारपालाकडून उचललाय. आठवतं ना, कुणी पाच मिनिटं बाहेर जाऊन आलं तरी तो दार अडवायचा. "कोण? कुठून? इतका वेळ कुठे होतास?" राजालासुद्धा सोडायचा नाही.

माझं मत तुला चांगलं आठवतं, उगाच नाटकं करू नकोस. चौथा भाग. द्वारपाल मीठ आणायला जातो, वाऱ्याने उडून गेला असं सगळ्यांना वाटतं, त्याच्या किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवून अख्खा किल्ला रडतो. आणि पुढच्याच प्रकरणात तो दार उघडून आत येतो, पाय पुसतो आणि म्हणतो, "चहा झाला का?" जन्मभर सगळ्यांना विचारत बसलेल्या माणसाला त्या दिवशी कुणी एक शब्द विचारत नाही. मालिका तिथून चांगली होते.

तुला माहीत नसणार, पण वहिनी मला वर्षातून दोनदा पत्र लिहायची. उत्तर पाठवू नकोस म्हणायची, घरात उगीच प्रश्न निघतील म्हणून. गेल्या वर्षी फेब्रुवारीनंतर एकही आलं नाही. तू पकडलंस का तिला? की तीही शेवटी तुझ्याच बाजूला गेली? तिला सांग, मी रागावलेलो नाही. दर पत्रात "हवा चांगली आहे" एवढं लिहिलं तरी चालेल.

धाकटा


८ जुलै

चि. धाकट्यास,

तुझं पत्र काल दुपारच्या टपालाने आलं, आज उत्तर टाकतोय. ती तुला लिहायची हे मला ठाऊक नव्हतं. मापांच्या वहीत तुझा पत्ता का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला होता. उत्तर आता मिळालं.

दुसरा भाग बरा आहे. लेखक थोडा दमलाय, त्यामुळे मध्ये मध्ये श्वास घेता येतो. तिसरा निम्मा झालाय. अजगराची परीक्षा मला वाटत होती तितकी चांगली नाही, हे कबूल करतो. अजगराला सर्दी, त्यामुळे आग ओकायला गेला की पेटलेलं विझतं, ही गंमत चांगली. पण ती नऊ वेळा आहे. एकविसाव्या वर्षी नऊही वेळा हसलो असेन. आता तीनदा हसलो, आणि तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "पाहुणे आलेत वाटतं? बोलल्याचा आवाज येतो." मी मोठ्याने वाचतो, एवढंच. मोठ्याने वाचलं की चुका सापडतात.

एक गोष्ट मात्र लेखकाची मान्य केली पाहिजे. त्याचं प्रत्येक प्रकरण बरोबर सोळा पानांचं असतं, म्हणजे छापखान्याचा एक फर्मा. प्रकरणाला आकडा नाही, नाव नाही, वर नुसतं किल्लीचं चित्र. पण सोळा म्हणजे सोळा. इतकी शिस्त असलेला माणूस चौथ्यानंतर द्वारपालाला विसरतो कसा, हे मला तेव्हाही कळलं नाही. पाचव्या भागापासून द्वारपाल नाही. दारावर अजगर बसलेला, किल्ल्या त्याच्या गळ्यात. द्वारपाल कुठे गेला, याबद्दल सात भागांत एक ओळ नाही. ही त्या लेखकाची सगळ्यात मोठी चूक. यादीत मी तिच्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.

तुझ्या वहिनीबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आज जागा पुरत नाही.

तुझ्याकडे पुस्तकं आहेत का? नसतील तर एखाद्या वाचनालयातून काढ. बरोबरीने वाचू.

दादा


२० जुलै

दादा,

जागा पुरत नाही म्हणतोस आणि खाली अर्धं पान कोरं. तूच शिकवलंस ना, कागद कधी वाया घालवू नये.

बरोबरीने मी वाचणार नाही. आणि माझं ऐकणार असशील, तर चौथा भाग तूही उसवू नकोस. दहा शीव, त्याला राहू दे. दोरा सुटला असेल तर वरून कापडी पट्टी लाव. का, ते विचारू नकोस. मी तुझ्याकडे फार गोष्टी मागितल्या नाहीत.

तू अकरा वर्षांनी लिहिलंस, तर मीही त्या दिवसाबद्दल एकदा लिहून टाकतो, मग तो विषय नको. निवृत्त न्यायाधीशांच्या आठवणींची ती टंकलिखित वही, तिच्यातला एक फर्मा मी उलटा शिवला. चूक माझीच होती. संध्याकाळपर्यंत उसवून नीट करता आली असती. पण तू त्यांच्यासमोर, आणि दुकानात आणखी तीन माणसं बसलेली असताना म्हणालास, "ह्याच्या हाताला ही विद्या नाही. माझ्या हातून आजवर एक फर्मा मागेपुढे झालेला नाही." दुसरं वाक्य नसतं तर कदाचित मी थांबलो असतो. वहिनी पडद्याआडून माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं, मी आता काहीतरी बोलणार. मी बोललो नाही. उठलो आणि गेलो.

बास. वहिनी कशी आहे? आता तरी लिही.

धाकटा


२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

तुझी वहिनी गेली. गेल्या वर्षी, सतरा एप्रिलला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी. फुप्फुसाचं दुखणं होतं, अडीच महिने चाललं. त्या कोऱ्या अर्ध्या पानात हे लिहायचं होतं.

तुझा पत्ता तेव्हा माझ्याजवळ नव्हता. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. शोधला असता तर मिळाला असता. मापांची वही तिच्या यंत्राच्या खणात होती आणि मी तो खण एक वर्ष उघडला नाही.

आजारात तिला मी रोज दुपारी एक प्रकरण वाचून दाखवायचो. तिला पहिले तीन भागही आवडायचे, चुकांसकट. जिने चढायचे की उतरायचे, यावर मी बोलायला लागलो की म्हणायची, "तुम्ही वाचा हो, मी पडल्या पडल्या चढते." चौथ्यात द्वारपाल परत आला तिथे तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "इथेच थांबा. पुढचं नको." मी म्हटलं, पुढे अजून सात भाग आहेत. ती म्हणाली, "असू देत. तो आलाय ना घरी, मग झालं." त्यानंतर आम्ही वाचलं नाही. सहा दिवसांनी ती गेली. तेव्हा, मालिका कुठून चांगली होते या वादात तू आणि ती एका बाजूला आहात, आणि आता मीही. चौथा भाग. तू जिंकलास.

तिचं शिवणयंत्र मी झाकून ठेवलंय. दोन कप धुतो, सवयीने. एकातच चहा ओततो, त्यामुळे दुसरा आपोआप स्वच्छ असतो.

चौथ्याचं तू लिहिलंस ते कळलं नाही. वरून पट्टी लावणं म्हणजे काम नव्हे, ठिगळ. तिने ज्या पुस्तकावर शेवटचा हात ठेवला, ते मी ठिगळ लावून ठेवू शकत नाही.

दादा


९ ऑगस्ट

दादा,

सोळा महिने. तू मला सोळा महिन्यांनी सांगतोस, आणि तेही एका पुस्तकाच्या निमित्ताने, दोन पत्रं अजगराच्या सर्दीवर खर्च करून. मी तिच्यावर रुसून बसलो होतो इथे. कळतंय का तुला? ती नव्हती आणि मी तिच्यावर रुसलो होतो. "तिला सांग, मी रागावलेलो नाही" असं मी लिहिलं, ते तू वाचलंस, आणि उत्तरात मला फर्म्याची पानं मोजून दाखवलीस.

मला जिंकायचं नाही. तुझी यादी तुझ्याजवळ ठेव. आता लिहू नकोस.


३० सप्टेंबर

धाकट्या,

लिहू नकोस म्हणालास. हे पत्र समजू नकोस, दुरुस्ती समज. माझ्या हातून गेलेल्या कामातली चूक कळवणं हे माझं काम आहे.

चौथा भाग काल उसवला. पुठ्ठे काढले, पाठीवरचा जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ करून खरवडला. खालून फर्म्यांच्या घड्या दिसायला लागल्या. आता हे नीट वाच, कारण तू काम सोडून बरीच वर्षं झाली. छापखानेवाले प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, पाठीला, एक छोटी काळी रेघ छापतात. पहिल्या फर्म्यावर अगदी वर, दुसऱ्यावर जरा खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. फर्मे क्रमाने लावले की पाठीवर त्या रेघांचा जिना दिसतो. एखादा फर्मा मागेपुढे झाला तर जिना मोडतो. ही खूण मला शिकवायला कुणी नव्हतं. ती मला सव्विसाव्या वर्षी कळली, एका परक्या बाइंडरचं काम उसवताना. चौथा भाग मी एकविसाव्या वर्षी बांधला. पृष्ठांक कुजलेले, प्रकरणांना आकडे नाहीत. मी फर्मे वाचून लावले. अर्थ लागेल तसे.

चौथ्या भागात जिना मोडलेला आहे. नववा फर्मा दहाव्याच्या जागी आहे आणि दहावा नवव्याच्या.

दोन्ही फर्मे खऱ्या क्रमाने लावून वाचले. आठव्या प्रकरणात द्वारपाल मीठ आणायला जातो. नवव्यात परत येतो, पाय पुसतो, चहा झाला का म्हणतो. कुणी काही विचारत नाही, कारण विचारण्यासारखं काही झालेलंच नाही. मीठ घेऊन आला, इतकंच. आणि दहाव्यात, पुढे कधीतरी, वारा त्याला नेतो. किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवून किल्ला रडतो, तो त्यानंतर. मग तो येत नाही. पाचव्या भागात नाही, सहाव्यात नाही, कारण तो मेलेला आहे. लेखक विसरला नव्हता. यादीतली दोन रेघांची चूक लेखकाची नाही, माझी आहे. मी ती खोडली आणि वर माझं नाव लिहिलं.

माझ्या हातून एक फर्मा मागेपुढे झाला आहे. तुझा उलटा शिवलेला फर्मा एका दिवसात सापडला. माझा बत्तीस वर्षं सापडला नाही, आणि त्या बत्तीस वर्षांत मी चार माणसांसमोर तुला काय म्हणालो, ते तू अक्षरशः लिहून पाठवलंस.

बाकीचे दहा भाग तपासले. दहाही बरोबर आहेत. हे सांगायची गरज नव्हती, पण सांगितलं.

तुला हे आधीपासून माहीत होतं का? म्हणून उसवू नकोस म्हणालास का?

दादा


११ ऑक्टोबर

दादा,

हो, माहीत होतं. सतराव्या वर्षापासून.

कॉलेजच्या वाचनालयात सबंध संच होता, कोरा करकरीत, पृष्ठांकांसकट. आपलं पुस्तक पाठ होतं म्हणून गंमत म्हणून चौथा उघडला. चुकीचं पुस्तक हातात आलं असं वाटलं. दोनदा वाचलं. मग तिथेच बाकावर बसून राहिलो, तासाची घंटा झाली तरी.

मला काय वाटलं ते सांगतो. ज्या वर्षी ते पोतं आपण घरी आणलं, त्याच वर्षी आई गेली होती. तू फर्मे लावायचास आणि मला मोठ्याने वाचून दाखवायचास. द्वारपाल हरवला तेव्हा मी काम करू देईना. "तो परत येतो का? आधी सांग, येतो का?" तू म्हणालास, "थांब, बघू दे." आणि सुट्या ढिगातून एक फर्मा काढलास, चाळलास, आणि म्हणालास, "येतो." सतराव्या वर्षी त्या बाकावर मला कळलं की पुस्तकात तो येत नाही. म्हणजे तूच त्याला आणलास. माझ्यासाठी लेखकाचं पुस्तक बदललंस, तू, ज्याला एक पट्टी वाकडी चालत नाही. मी ठरवलं, हे कधी बोलायचं नाही. तू इतकी वर्षं जपलेली गोष्ट, ती मी कशाला उघड करू?

त्या दिवशी दुकानात तू ते वाक्य म्हणालास तेव्हा हे जिभेवर आलं होतं. चौथा भाग बघ, एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नाही म्हटलं. त्या चार माणसांत मी एकटाच तुला ओळखतो असं वाटलं, आणि तरी तू असं बोललास याचाच जास्त राग आला.

वहिनीला मी सांगितलं होतं, तुमचं लग्न झाल्यावर वर्षाभरात. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "त्यांना सांगशील तर याद राख." ती "इथेच थांबा" का म्हणाली, ते आता तुला कळेल. तुझं पत्र मी त्या ओळीपाशी परत परत उघडतो.

आता खरं सांग. मुद्दाम केलंस ना?

धाकटा


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

हो म्हणायचा मोह झाला. चार दिवस झाला. तू चोवीस वर्षं एक गोष्ट जपलीस, ती माझ्या सगळ्या कामांपेक्षा चांगली आहे, आणि ती माझी आहे असं तू समजतोस. एका शब्दाने ती माझी झाली असती.

पण नाही. चूक झाली. त्या ढिगात द्वारपालाचे दोनच फर्मे उरले होते, एकात तो परत येत होता, एकात जात होता. मी दोन्ही चाळले आणि मला प्रामाणिकपणे वाटलं की परत येण्याचाच नंतरचा असणार. कुठलाही लेखक असा नसेल, की मीठ आणायला गेलेल्या माणसाला सुखरूप घरी आणेल आणि मग असाच उगीच घेऊन जाईल, असं वाटलं. आई जाऊन सात महिने झाले होते. माझा अंदाज चुकला. मी तुझ्यासाठी काही बदललं नाही. मला तेच खरं वाटलं. चुकीला चूक म्हणायचं, हे मला तेव्हा कुणी शिकवलं नाही आणि नंतर मी शिकलो नाही. तेव्हा आता लिहून देतो. फर्म्याची चूक माझी. तुला जे बोललो, ती चूक माझी. तिच्या जाण्याचं कळवलं नाही, ती सगळ्यात मोठी, आणि तिच्यावर दुरुस्ती नाही.

चौथा भाग टेबलावर उघडा आहे. आठवा फर्मा आणि अकरावा फर्मा यांच्यामध्ये दोन फर्मे सुटे. रोज सकाळी मी त्यांच्यासमोर बसतो. खऱ्या क्रमाने लावले तर माझं काम बरोबर होतं आणि तिने जिथे हात ठेवला ती जागा नाहीशी होते. जुन्या क्रमाने लावले तर माहीत असून चूक शिवावी लागते. दोन्ही माझ्याने होत नाही. कशाने जड होतं ते सांगता येत नाही, पण सुई ओवली की हात थांबतो.

मी एकटा हे शिवणार नाही. वाचणारे तिघे होतो, दोघे उरलोत.

ये. मी दारावर बसून राहणार नाही आणि काही विचारणार नाही. कोण, ते मला माहीत आहे. कुठून, ते पाकिटावर आहे. तिसरा प्रश्न विचारायचा अधिकार माझ्याकडे राहिलेला नाही.

दादा


२५ ऑक्टोबर (पोस्टकार्ड)

दादा,

तू हो म्हणाला असतास तर मी आलो नसतो कदाचित. सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं, तू तिथे, मी इथे.

छत्र्या आठ दिवसांसाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यात. तीन तारखेला दुपारी पोचतो. फर्मे हलवू नकोस. कसे लावायचे ते मलाही माहीत नाही.

धाकटा


३ नोव्हेंबर (दारावर टाचणीने लावलेली चिठ्ठी)

धाकट्या,

दोरा संपला म्हणून कोपऱ्यावर जातोय. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी निघालो, बारा दहाला परत. दार नुसतं लोटलेलं आहे. ढकलताना वरून नाही, मुठीजवळून ढकल, बिजागरी नवी आहे. टेबलावरचे दोन फर्मे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर तिची कात्री ठेवली आहे, ती उचलू नकोस. चहा ठेवलेला नाही, आल्यावर ठेवतो. कप दोन आहेत, दोन्ही धुतलेले.

दादा

(त्याच चिठ्ठीखाली, पेन्सिलीने)

दादा, बारा वीस झाले. पाय पुसून आत बसलोय. काही विचारत नाही. चहा झाला का?